शेवटच्या वाडीचा तालुका

आमच्या तालुक्याची एक गंमत आहे. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तिथे नांदतं गाव असं काही नाही! भुदरगड म्हणजे किल्ला. वर भैरवनाथाचं देऊळ, दुधट पाण्याचा तलाव, ढासळलेली तटबंदी आणि भन्नाट वारा. पायथ्याला पेठशिवापूर. पण तहसील, पंचायत समिती, कोर्ट, बाजार, कॉलेजं, एसटी स्टँड हे सगळं खाली, वेदगंगेच्या काठी, गारगोटीत. म्हणजे नाव डोंगराचं आणि कारभार नदीचा. बाहेरगावी कुणी विचारलं तर आपण 'गारगोटी' म्हणतो, आणि सातबाऱ्यावर लिहितो 'ता. भुदरगड'.

जुन्या काळी यात काही विसंगती नव्हती. ज्याच्या हाती गड त्याच्या हाती मुलूख. १८४४ साली कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं तेव्हा सामानगडाबरोबर भुदरगडही पेटला होता. त्यानंतर गडांचं महत्त्व गेलं, सत्ता कचेरीत आली. म्हणूनच डिसेंबर १९४२ मध्ये क्रांतिकारकांना सरकारला धक्का द्यायचा होता तेव्हा त्यांनी गड गाठला नाही, गारगोटीची कचेरी गाठली. त्या लढ्यात सातजण हुतात्मा झाले. शंभर वर्षांत सत्तेचा पत्ता कसा बदलतो पाहा!

सत्तेचा पत्ता बदलला की कोण जवळ येतं आणि कोण लांब पडतं, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो. आजचा लेख त्याच्यावरच.

भुदरगड तालुका समजून घ्यायचा तर नकाशा बाजूला ठेवावा आणि नदी धरावी. पश्चिमेला सह्याद्रीची धार. तिच्या टोकावर रांगणा किल्ला, खाली थेट कोकण. या डोंगरांत वेदगंगा जन्मते, पाटगावपाशी धरणात अडते आणि मग कडगाव, शेणगाव, गारगोटी, मडिलगे, कूर अशी एकेक गावं ओलांडत खाली येते. पुढे कागल तालुक्यात मुरगूड, मग सीमेपलीकडे कर्नाटकात भोजजवळ दूधगंगेशी संगम आणि शेवटी कृष्णा. नदीच्या दोन्ही बाजूंना डोंगराच्या रांगा. वर खोरं अरुंद, खाली येईल तसं पसरत जाणारं.

या एका गोष्टीतून बाकीचं सगळं निघतं. खाली रुंद पात्र, काळी-तांबडी जमीन, कोल्हापुरी बंधारे, म्हणून ऊस. ऊस म्हणून बिद्रीचा कारखाना आणि त्याचं राजकारण. (कारखान्याचं नावसुद्धा 'दूधगंगा-वेदगंगा'! नद्यांची नावं आम्ही निदान तिथे तरी जपली.) वर सरकू लागलं की ऊस विरळ होतो, भाताची खाचरं सुरू होतात, आणखी वर नाचणी-वरी, काजू, मग जांभ्याचे सडे आणि जंगल. पाऊस मात्र उलटा. वर धो धो आणि खाली बेताचा. ज्यांच्या डोक्यावर सगळ्यात जास्त पाऊस पडतो त्यांच्या शेतात उन्हाळ्यात पाणी नसतं, कारण ते वाहून खालच्या धरणात आणि बंधाऱ्यांत गेलेलं असतं. यात कुणाचा दोष नाही, उताराचा स्वभावच तो. पण पाण्यासारखंच पैशाचं, रस्त्याचं आणि अधिकाऱ्याचंही होतं तेव्हा तिथे स्वभावाचं कारण सांगता येत नाही.

वस्त्यांचंही तसंच. नदीकाठची गावं दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी रस्त्यालगत बसली आहेत. खुर्द-बुद्रुक जोड्या, गावाच्या मधोमध देऊळ, पारावर म्हातारी मंडळी, फाट्यावर हॉटेल. मुदाळ तिट्टा तर पूर्णपणे रस्त्यांनी घडवलेली जागा. निपाणीकडून राधानगरीकडे, पुढे फोंडा घाटाने कोकणात जाणारा रस्ता आणि कोल्हापूर-गारगोटी रस्ता तिथे एकमेकांना छेदतात. शेजारी आदमापूर. १९६६ मध्ये बाळूमामांनी तिथे देह ठेवला. आज अमावास्येला तिथे जी गर्दी उसळते ती पाहिली की वाटतं, एखादं छोटं गाव एका माणसामुळे केवढं होऊ शकतं! आणि बाळूमामा होते कोण? मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे धनगर. म्हणजे ज्यांना सरकारदरबारी धड पत्ता नसतो अशांपैकीच एक. हा योगायोग विसरण्यासारखा नाही.

कारण रस्ता सोडून डोंगराकडे वळलात की वस्तीची व्याख्याच बदलते. तिथे गाव एका जागी नसतं. दहा घरं इथे, ओढ्यापलीकडे पंधरा, वरच्या सड्याला एक धनगरवाडा. महसुली दप्तरात या सगळ्यांचं मिळून नाव एकच. ग्रामपंचायतीचं ऑफिस एका वाडीत, रेशनचं दुकान दुसरीत, शाळा तिसरीत. नकाशावर हे 'एक गाव' म्हणजे एक ठिपका असतो. प्रत्यक्षात त्या ठिपक्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला पावसाळ्यात अर्धा दिवस मोडतो. मध्ये साकव असला तर!

आता तालुक्याच्या हद्दींकडे पाहू. त्या काही देवाने आखलेल्या नाहीत. शेजारचं कागल ही जहागीर होती, आजरा इचलकरंजीच्या जहागिरीत होतं आणि आमचा मुलूख थेट कोल्हापूर दरबाराच्या ताब्यात. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५६ च्या पुनर्रचनेत निपाणी, भोज हा पट्टा म्हैसूर राज्यात गेला. एकच वेदगंगा, पण उगमाला एक तालुका, मध्ये दुसरा आणि संगमाला दुसरंच राज्य. पूर आला की तीन ठिकाणी तीन पंचनामे! विधानसभेला आम्ही मत देतो ते पुन्हा 'राधानगरी' नावाच्या मतदारसंघात. एका माणसाच्या डोक्यावर किती वेगवेगळ्या रेघा असाव्यात!

मग १९६२ साली पंचायत राज आलं. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत अशी तीन पायऱ्यांची रचना. कल्पना सुंदर होती. डोंगरातल्या माणसाला मुंबईपर्यंत जावं लागू नये, त्याचा प्रश्न तालुक्यातच सुटावा. पण मार्च २०२२ मध्ये आमच्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. प्रशासक आले. रस्ते झाले, पगार झाले, कामं चालू राहिली, नाही असं नाही. पण ओढ्यापलीकडच्या वाडीसाठी सभागृहात उभं राहून टेबल बडवणारं कुणी उरलं नाही. आणि याचं कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही, हे मला जास्त बोचलं.

इथे मला एक लांबचं उदाहरण आठवतं. स्कॉटलंडमध्ये क्लॅकमॅननशर नावाचा एक चिमुकला परगणा आहे. क्षेत्रफळ सुमारे एकशेसाठ चौरस किलोमीटर, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. आपल्या एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात मावेल एवढा. त्याचंही नाव क्लॅकमॅनन या जुन्या गावाचं आणि कारभार मात्र अलोआमध्ये. म्हणजे आमच्यासारखंच! उत्तरेला ओकिल डोंगर, त्यांच्या पायथ्याशी मेनस्ट्री, अल्वा, टिलिकूल्ट्री, डॉलर अशी गावं एका रांगेत. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांवर तिथे लोकरीच्या गिरण्या चालत. गिरण्या गेल्या, कोळशाच्या खाणीही गेल्या, पण गावं राहिली. आमच्याकडे गिरण्या नव्हत्या, पण गिरणी कामगार होते. भुदरगड, आजरा, चंदगडच्या कितीतरी घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटायची, आणि जानेवारी १९८२ च्या संपानंतर ती मनीऑर्डर थांबली. दोन्हीकडचा डोंगर वेगळा, पण पायथ्याच्या माणसाचं नशीब फार वेगळं नाही.

तर १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या कारभाराची फेररचना झाली आणि या चिमुकल्या परगण्याला एका मोठ्या 'रीजन'च्या पोटात घातलं गेलं. १९९६ मध्ये पुन्हा फेररचना झाली, सबंध देशाचे बत्तीस भाग केले गेले आणि क्लॅकमॅननशरला आपली स्वतंत्र कौन्सिल मिळाली. याच बत्तीसांत दुसऱ्या टोकाला आहे हायलँड. पंचवीस हजारांहून जास्त चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याच्या (७,६८५ चौ. कि. मी.) तिपटीहून मोठं, आणि माणसं जेमतेम अडीच लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांवर होती!

हे सांगण्याचा हेतू 'तिकडे बघा कसं छान' असा नाही. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे माणसं आहेत. तिथल्या खेड्यांतूनही तरुण पोरं जातातच. पण एक मुद्दा त्यांनी कायद्यात लिहून ठेवलाय तो मला महत्त्वाचा वाटतो. विरळ वस्तीला दाट वस्तीची फूटपट्टी लावायची नाही. २०१० चा त्यांचा शाळांविषयीचा कायदा सांगतो की ग्रामीण शाळा बंद करायची असेल तर आधी पर्याय तपासा, गावावर काय परिणाम होईल ते पाहा, पोरांच्या प्रवासाचं काय होईल ते पाहा, लोकांशी बोला, आणि मगच ठरवा. २०१८ मध्ये बेटांसाठी वेगळा कायदा झाला. नवं धोरण आणताना त्याचा बेटांवर वेगळा परिणाम होणार असेल तर तो आधी तपासायचा.

आता आपल्याकडे या. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' करता येतील का, याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात. वीस हा आकडा सबंध महाराष्ट्राला एकच! सपाटीवर दोन किलोमीटरवर दुसरी शाळा असलेल्या गावाला वीस, आणि पाटगाव-शिवडावच्या वर जंगलात असलेल्या वाडीलाही वीस. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा आपलाच नियम आहे. पण किलोमीटर कुठला? नकाशावरचा की जुलै महिन्यातला? सात वर्षांचं पोर, खांद्यावर दप्तर, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, समोर भरलेला ओढा. त्याला तो एक किलोमीटर मोजायला सांगा.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती खोटी नाही. सहा-सात पोरांची शाळा ही फार चांगली शाळा असते असं समजण्याचं कारण नाही. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, त्यात शिक्षकांच्या मागे माहिती भरण्याची कामं. कबड्डीचा एक संघसुद्धा पुरा होत नाही. पोरांना बरोबरीची पोरं लागतात, भांडायला, शिकायला, मोठं व्हायला. वाडीतले आईबापसुद्धा जमेल तेव्हा पोरांना गारगोटीत किंवा नातेवाइकांकडे ठेवतात, ते काही उगाच नाही. खर्चाचा हिशेबही सरकारने करू नये असं कोण म्हणेल?

माझं म्हणणं एवढंच की हिशेब करताय तर पुरा करा. शाळा बंद केल्यावर वाचणारे पैसे एका रकान्यात लिहिता ना? मग दुसऱ्या रकान्यात लिहा, किती मुली पाचवीच्या आत घरी बसल्या. किती घरांनी पोरांच्या शिक्षणासाठी वाडी सोडली. शिक्षक हा त्या वाडीत रोज जाणारा बहुधा एकमेव सरकारी माणूस. तो जायचा थांबला की वाडी सरकारच्या डोळ्यांसमोरून जाते. मग पट आणखी घटतो. मग कुणीतरी म्हणतं, बघा, तिथे कुणी राहतच नाही!

गारगोटीकरांना तरी हे वेगळं सांगावं लागू नये. १९५२ साली डॉ. जे. पी. नाईक यांनी इथे मौनी विद्यापीठ उभारलं, ते काही गारगोटीचा 'पट' बघून नव्हे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेला हा माणूस पुढे कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव झाला. त्याला मुंबई-पुण्यात काय कमी होतं? पण खेड्यातल्या माणसाचं शिक्षण खेड्यात व्हावं, त्याच्या जगण्याशी जोडलेलं असावं, म्हणून त्या काळात आडवळणाच्या या गावात त्यांनी संस्था काढली. नाव दिलं पाटगावच्या मौनी महाराजांचं. म्हणजे संस्था गारगोटीत, पण तिचा नमस्कार खोऱ्याच्या शेवटच्या टोकाला. मला ही गोष्ट फार आवडते. डोकी मोजून शाळा काढायच्या ठरल्या असत्या तर आज गारगोटी ही गारगोटी झाली असती का?

आणि इथेच एक अवघड प्रश्न येतो. कोल्हापूरने आपल्याकडे दुर्लक्ष केलं ही गारगोटीची जुनी तक्रार. पण कडगावच्या वरच्या माणसाला विचारा. त्याच्यासाठी गारगोटी हेच कोल्हापूर आहे! दाखल्याला गारगोटी, दवाखान्याला गारगोटी, बँकेला गारगोटी. पाटगावहून तीस-पस्तीस किलोमीटर. सकाळची एसटी चुकली की दिवस गेला, साहेब मीटिंगला गेले असले तर दुसराही गेला. वस्तीची गाडी बंद झाली की आपण म्हणतो 'प्रवासीच नव्हते हो'. शाळेबद्दल मुंबई जे म्हणते, तेच आपण एसटीबद्दल म्हणतो. केंद्र कुठलंही असो, ते आपल्यापासून अंतर मोजतं. टोकापासून मोजायला कुणी तयार नसतं.

टोक आठवतं ते कधी? पाणी हवं असतं तेव्हा. धरण बांधायला वरची जमीन लागते, वीज करायला वरचं पाणी लागतं. पाटगावच्या पाण्यावरच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा विषय निघाला तेव्हा, २०२४ मध्ये, सगळं खोरं खडबडून उठलं. अगदी योग्यच झालं. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत तालुक्यातल्या जमिनी येणार म्हटल्यावरही लोक रस्त्यावर आले. तेही समजण्यासारखं. पण सोनवडे घाटाने कोकण जोडायची मागणी कित्येक दशकं जुनी, ती मात्र पिढ्यान्‌पिढ्या फायलीतच फिरत राहिली. वरून जाणारे रस्ते लवकर आखले जातात, वरपर्यंत जाणाऱ्या रस्त्यांना मात्र शंभर परवानग्या लागतात.

मेघोलीचं उदाहरण तर मन सुन्न करणारं. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री तिथला लघुपाटबंधारे तलाव फुटला. एका महिलेचा जीव गेला, जनावरं गेली, उभी पिकं मातीसकट वाहून गेली. लहान तलाव, लहान ओढा, लहान गावं. मोठ्या धरणाच्या एखाद्या गळतीची चर्चा राज्यभर होते. लहान तलावाचं दुखणं ऐकू यायला तो फुटावा लागतो का? 'लघु' हा शब्द पाण्याच्या साठ्याला लावायचा असतो, खाली राहणाऱ्या माणसांना नाही.

मग करायचं काय? मोठमोठ्या योजनांची यादी मी देत नाही. एक साधी कसोटी सुचवतो. तालुक्यासाठी जो निर्णय व्हायचा असेल, शाळेचा, एसटीचा, रेशनचा, दवाखान्याचा, तो कागदावर सही होण्याआधी एकदा शेवटच्या वाडीवर नेऊन पाहावा. खरंच न्यावा, आणि तोही पावसाळ्यात. तिथल्या माणसाला तो पायी किती पडतो, दिवसाच्या मजुरीत किती पडतो, ते लिहावं. बेटांसाठी तिकडे कायदा होऊ शकतो, तर आपल्या वाड्याही चार महिने बेटंच असतात की! फक्त त्यांच्या भोवती समुद्राऐवजी ओढे असतात. यासाठी मुंबईच्या हुकमाची वाट बघायलाही नको. पंचायत समितीची एखादी मासिक सभा कडगावला, एखादी पाटगावला झाली तर कोण अडवणार आहे? दाखल्यांचा कॅम्प महिन्याच्या ठरल्या दिवशी वर भरला तर कुणाचं बिघडणार आहे?

आणि वर काही नाहीच असंही समजू नका. पाटगाव आज 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. जंगल राखलं म्हणून मधमाशा राहिल्या, मधमाशा राहिल्या म्हणून मध. दक्षिण दिग्विजयाला निघण्यापूर्वी शिवाजी महाराज याच पाटगावात मौनी महाराजांच्या भेटीला आले होते, असं परंपरा सांगते. राजाला टोकाच्या गावापर्यंत जावंसं वाटलं. आपल्याला तर तिथे फक्त एक कर्मचारी पाठवायचाय.

तालुका केवढा आहे याचं उत्तर गॅझेटमध्ये चौरस किलोमीटरमध्ये मिळेल. मला विचाराल तर तालुका तेवढाच, जिथपर्यंत त्याची शाळा, त्याची गाडी आणि त्याचा माणूस पोचतो. त्याच्या पलीकडे असतो तो नुसता रंगवलेला नकाशा.

असो. तुमच्या तालुक्याची शेवटची वाडी कुठली, तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर विचारून बघा. गाडी कुठपर्यंत जाते तेही विचारा.